आधी घरखर्च, मग लाउंज

वाकडच्या कुठल्याही मोठ्या सोसायटीत एप्रिलच्या सुमारास संध्याकाळी कट्ट्यावर बसले की दोन विषय हमखास कानी पडतात. एक पाण्याच्या टँकरचा, दुसरा मे महिन्याच्या सुट्टीचा. सुट्टीच्या गप्पांत पाचव्या मिनिटाला क्रेडिट कार्ड निघते. कोणी पॉइंटांवर व्हिएतनामला जाऊन आलेला असतो. कोणाला परदेशातल्या विमानतळाच्या लाउंजमध्ये चक्क अंघोळ करायला मिळालेली असते. कोणाचे कार्ड धातूचे असते आणि टेबलावर ठेवले की खणकन वाजते. ऐकणारा घरी येतो आणि रात्री मोबाइलवर शोधू लागतो: प्रवासासाठी सगळ्यात चांगले कार्ड कुठले?

प्रश्न असा विचारला की उत्तर म्हणून कार्डांची यादी मिळते. त्या यादीतले पहिले कार्ड ज्याला खरोखर लाभते, त्याचा घरखर्च आणि आपला घरखर्च यांचा मेळ बसतो का, हे यादी सांगत नाही. म्हणून या लेखात वाट उलटी धरली आहे. आधी वाकड-हिंजवडी-चाकण पट्ट्यातल्या घरांचा पैसा कुठे जातो ते पाहू, मग पॉइंट, फी, परदेशी चलन आणि लाउंज यांचा हिशेब मांडू. कार्डांची नावे त्या ओघात येतील.

पॉइंट येतात कुठून

न्यूयॉर्कमध्ये १९५० साली डायनर्स क्लबचे कार्ड निघाले, ते हॉटेलचे बिल नंतर चुकते करण्यासाठी. आपल्याकडे सेंट्रल बँक ऑफ इंडियाने १९८० मध्ये 'सेंट्रलकार्ड' आणले. तेव्हा कार्ड म्हणजे बड्या लोकांची चीज होती. २०२४ च्या सुरुवातीला देशातल्या क्रेडिट कार्डांच्या संख्येने १० कोटींचा टप्पा ओलांडला. कार्ड सगळ्यांकडे आले, तेव्हा बँकांना वरच्या वर्गासाठी वेगळा मजला बांधावा लागला. प्रीमियम ट्रॅव्हल कार्ड हा तो मजला.

आपण दुकानात कार्ड घासतो तेव्हा दुकानदाराला शंभर रुपयांमागे साधारण दीड-दोन रुपये सोडावे लागतात. त्यातला मोठा हिस्सा कार्ड देणाऱ्या बँकेला मिळतो. पॉइंट प्रामुख्याने या पैशातून येतात. यूपीआयवर थेट खात्यातून पैसे दिले तर दुकानदाराला जानेवारी २०२० पासून असे शुल्क लागत नाही, म्हणून भाजीवाल्याच्या क्यूआर कोडवर पैसे टाकून कोणाला विमानाचे तिकीट मिळाल्याचे ऐकिवात नाही. २०२२ पासून रूपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येते, पण छोट्या व्यापाऱ्याकडच्या दोन हजारांपर्यंतच्या व्यवहाराला तिथेही शुल्क नाही. जिथे बँकेला काही मिळत नाही, तिथे ती आपल्याला काही देण्याची शक्यता कमीच.

आता एक बेरीज करून पाहा. बँकेला दुकानदाराकडून मिळतात शंभराला दीड-दोन रुपये, आणि जाहिरातीत ती आपल्याला तीन किंवा पाच रुपयांचे पॉइंट कबूल करते. मधली तूट कुठून भरून निघते? वार्षिक फीतून, परदेशी चलनावरच्या अधिभारातून, बिल थकवणाऱ्यांच्या व्याजातून, आणि पॉइंट न वापरता ते लयाला जाऊ देणाऱ्यांच्या विसराळूपणातून. कार्डाच्या बारीक अक्षरांतल्या मर्यादा, टप्पे आणि अपवाद या तुटीतूनच जन्माला येतात. बिल वेळेवर भरणारा, पॉइंट पुरेपूर वापरणारा ग्राहक दुसऱ्या कोणाच्या तरी चुकीवर प्रवास करत असतो. त्या 'दुसऱ्या कोणात' आपण मोडू नये, एवढी काळजी घ्यायची.

वाकडच्या घराची वही

हिंजवडीत दोघेही नोकरी करतात, वाकडला दोन बेडरूमचा फ्लॅट आहे, एक मूल शाळेत आहे, असे एक घर मनात धरू. महिन्याला घरातून १ लाख ६० हजार रुपये बाहेर पडतात. त्यांत गृहकर्जाचा हप्ता ६२ हजार, एसआयपी २५ हजार, शाळा आणि स्कूलबस १५ हजार, सोसायटीचा मेंटेनन्स आणि घरकामाच्या मावशी मिळून १० हजार, दूध-भाजी-रिक्षा असा यूपीआयवरचा सुटा खर्च ८ हजार. झाले १ लाख २० हजार. यातला जवळजवळ एकही रुपया प्रवासाच्या कार्डावर कामाचा नाही. कर्जाचा हप्ता आणि एसआयपी बँक खात्यातूनच जातात. मावशींकडे कार्ड घासायचे यंत्र नसते. शाळेची फी एखाद्या ॲपमधून कार्डाने भरता आली, तर अनेक बँका त्यावर एक टक्का शुल्क लावतात.

उरले ४० हजार. किराणा आणि ऑनलाइन खरेदी १६ हजार, बाहेरचे जेवण, सिनेमा, कपडे १० हजार, पेट्रोल ६ हजार, वीज-मोबाइल-ब्रॉडबँड ५ हजार, औषधपाणी ३ हजार. वर्षाचे झाले ४ लाख ८० हजार. त्यात सुट्टीची तिकिटे, हॉटेले आणि गावी जाणे-येणे यांचे २ लाख ४० हजार मिळवले की ७ लाख २० हजार. पेट्रोलवर बहुतेक कार्डे पॉइंट देत नाहीत, अधिभार माफ करतात एवढेच. ते ७२ हजार वगळले की उरतात ६ लाख ४८ हजार. वर्षाला एकवीस-बावीस लाख रुपये बाहेर टाकणाऱ्या घराचा कार्डाच्या दृष्टीने खरा आकडा एवढाच.

वाकडमध्ये भाड्याने राहणाऱ्यांचे गणित आणखी आक्रसते. काही वर्षांपूर्वी घरभाडे ॲपवरून कार्डाने भरून पॉइंट कमावण्याची टूम जोरात होती. आधी बँकांनी त्यावर शुल्क लावले, मग पॉइंट काढून घेतले. सप्टेंबर २०२५ मध्ये पेमेंट ॲग्रिगेटरांसंबंधी, म्हणजे व्यापाऱ्यांसाठी ऑनलाइन पैसे गोळा करणाऱ्या कंपन्यांसंबंधी, रिझर्व्ह बँकेच्या नव्या नियमांनंतर मोठ्या ॲपांनी कार्डावरून भाडे भरण्याची सोयच बंद केली. घरमालक हा काही नोंदणीकृत व्यापारी नव्हे, हा त्यामागचा मुद्दा. महिन्याला तीस हजार भाडे देणाऱ्याच्या हिशेबातून वर्षाचे ३ लाख ६० हजार एका फटक्यात गेले.

आपला आकडा काढणे अवघड नाही. गेल्या बारा महिन्यांची बँकेची आणि कार्डाची स्टेटमेंट काढायची, आणि आपली आई कालनिर्णयच्या पानावर दुधाचे खाडे मांडत असे त्या चिकाटीने एक संध्याकाळ बसायचे. विमा, सोने, सरकारी कर, वॉलेटमध्ये टाकलेले पैसे यांवर अनेक कार्डे काहीच देत नाहीत किंवा हात आखडून देतात. हे बाजूला काढले की उरतो तो आपला 'कार्डजोगा खर्च'. पुढचा सगळा निर्णय या एका आकड्यावर उभा राहतो.

तीन कार्डे, एक घर

आता या ६ लाख ४८ हजारांपुढे तीन नमुन्याची कार्डे ठेवू. पहिल्याची फी साडेबारा हजार, त्यावर १८ टक्के जीएसटी धरून १४,७५० रुपये, आणि परतावा ३.३ टक्के. दुसऱ्याची फी अडीच हजार, जीएसटीसह २,९५०, परतावा १.३ टक्के. तिसरे आयुष्यभर मोफत, परतावा १ टक्का, परदेशी चलनावर अधिभार शून्य.

पहिल्या कार्डावर वर्षाला २१,३८४ रुपयांचे पॉइंट मिळतील. फी वजा जाता हातात ६,६३४. दुसऱ्यावर ८,४२४ मिळतील, फी वजा जाता ५,४७४. तिसऱ्यावर ६,४८०, आणि वजा काहीच नाही. सर्वात महागडे आणि फुकटचे कार्ड यांत फरक पडला अवघा १५४ रुपयांचा. पहिले कार्ड तिसऱ्याला मागे टाकते ते वर्षाला साधारण ६ लाख ४१ हजारांच्या कार्डजोग्या खर्चानंतर. आपले घर बरोबर त्या रेषेवर उभे आहे.

याच घराचा खर्च १२ लाख असता तर चित्र पालटले असते. मोठ्या कार्डांची फी ठरावीक खर्चानंतर माफ होते. पहिल्याचे ३९,६०० रुपये पूर्ण हातात आले असते आणि तिसऱ्याचे १२ हजार. महागडे कार्ड वाईट नसते, ते मोठ्या खर्चासाठी कापलेले असते. पण फी माफ करून घेण्यासाठी मार्चमध्ये गरज नसताना ऐंशी हजारांचा टीव्ही आणला, तर ती चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला.

वेलकम व्हाउचर, फीच्या बदल्यात मिळणारे पॉइंट, टप्पा गाठल्यावरचे बोनस हे या हिशेबात मुद्दाम धरले नाहीत. ते जमेस धरायचे तर एका अटीवर: ते व्हाउचर नसते मिळाले तरी ती वस्तू किंवा ते हॉटेल आपण पैसे देऊन घेतले असते का? नसेल, तर त्याची किंमत आपल्यापुरती शून्याच्या जवळ.

बाजारातल्या चार जाती

प्रत्यक्ष बाजारात प्रवासाची कार्डे चार जातींची दिसतात. त्यांच्या अटी दर काही महिन्यांनी हलतात, त्यामुळे अर्ज करण्याच्या दिवशी बँकेच्या नियमपत्रिकेतला आकडा वाचावा. जात मात्र लवकर बदलत नाही.

पहिली जात बँकेच्या स्वतःच्या दुकानात पॉइंट वापरायला लावणारी. एचडीएफसीचे इन्फिनिया हे तिचे ठळक उदाहरण. फी साडेबारा हजार अधिक कर, दर १५० रुपयांना ५ पॉइंट, आणि बँकेच्या स्मार्टबाय पोर्टलवर विमान किंवा हॉटेल घेतले तर एक पॉइंट एक रुपयाचा. वरच्या हिशेबातला ३.३ टक्के हा परतावा असाच निघतो. तेच पॉइंट बिलातून वळते करून घेतले, तर त्यांचे मोल बरेच खाली येते. शिवाय हे कार्ड बँकेच्या निमंत्रणावर मिळते. याच बँकेचे डायनर्स क्लब ब्लॅक आणि खालच्या पायरीवरचे रेगालिया गोल्ड, आयसीआयसीआयचे एमराल्ड प्रायव्हेट ही याच कुळीतली. ज्याला तिकीट काढताना डोक्याला ताप नको, त्याच्यासाठी ही जात सोपी.

दुसरी जात माइल्स हलवण्याची. ॲक्सिसचे ॲटलस याच विचारावर बेतले गेले: फी पाच हजार, साध्या खर्चावर शंभराला २ माइल्स, विमान कंपनीकडे किंवा हॉटेलकडे थेट बुकिंग केले तर ठरावीक मर्यादेपर्यंत शंभराला ५, आणि हे माइल्स परदेशी विमान कंपन्यांच्या किंवा हॉटेलांच्या योजनांत वळवायचे. अमेरिकन एक्स्प्रेसची कार्डे आणि एचएसबीसीचे ट्रॅव्हलवन या वाटेवरची. हाती वेळ आणि हिशेबाची हौस असली, तर याच पॉइंटांतून बिझनेस क्लासचे तिकीट काढता येते. पण त्यासाठी प्रवासाच्या तारखा लवचिक हव्यात. शाळेच्या सुट्टीतच निघायचे आणि चार सीट एकत्र हव्यात, अशा घराला ही माइल्सची तिकिटे मे महिन्यात मिळणे कठीण. अमेरिकन एक्स्प्रेसच्या बाबतीत आणखी एक गोष्ट: मॉलमध्ये ते चालते, पण गावाकडच्या पंपावर आणि गल्लीतल्या दुकानात अनेकदा चालत नाही. जोडीला दुसरे कार्ड लागते.

तिसरी जात एका विमान कंपनीशी किंवा हॉटेलशी लग्न लावलेली. एअर इंडियाच्या महाराजा क्लबची, इंडिगोच्या ब्लूचिपची, मॅरियटची कार्डे यात येतात. पुण्याहून दिल्ली किंवा बंगळुरूला महिन्यातून दोनदा जाणारा आणि बहुधा एकाच कंपनीने उडणारा माणूस असेल, तर त्याच्या खर्चाला हे कार्ड चपखल बसते. वर्षातून एकदा मिळेल त्या स्वस्त विमानाने जाणाऱ्या घराला नाही.

चौथी जात परदेशी चलनावर अधिभार न घेणारी. फेडरल बँकेचे स्कॅपिया, आयडीएफसी फर्स्टचे मयूरा, आरबीएलचे वर्ल्ड सफारी ही त्यातली नावे. गप्पांत या जातीचा रुबाब कमी. पण परदेशात घराघरातले पैसे वाचवते ती हीच.

सिंगापूरच्या गल्ल्यावर

साध्या क्रेडिट कार्डावर परदेशात खर्च केला की बँक सहसा साडेतीन टक्के अधिभार लावते. त्यावर जीएसटी धरला की ४.१३ टक्के. बऱ्याच प्रीमियम कार्डांवर तो दोन टक्के, म्हणजे करासह २.३६. परदेशात एक लाख रुपये खर्च केले तर पहिल्या प्रकारात ४,१३० गेले, दुसऱ्यात २,३६०, शून्य अधिभाराच्या कार्डावर काही नाही. म्हणजे १.३ टक्के परतावा देणारे कार्ड साडेतीन टक्के अधिभारासह परदेशात घासले, तर पॉइंट कमावताना आपण शंभराला पावणेतीन रुपयांहून अधिक खिशातून घालतो. वर मांडलेल्या आपल्या घराने परदेशवारी केली, की रेषेवरची बरोबरी सुटते आणि तिसरे, फुकटचे कार्ड पुढे जाते.

तिथल्या दुकानात यंत्रावर एक प्रश्न येतो: रुपयांत भरायचे की स्थानिक चलनात? रुपये ओळखीचे वाटतात, म्हणून बोट तिकडेच जाते. रुपये निवडले की दर ठरवतो तो दुकानदाराकडचा मध्यस्थ, आणि तो आपला वाटा काढूनच ठरवतो. नेहमी स्थानिक चलन निवडावे. एटीएममधून क्रेडिट कार्डावर रोख काढणे तर देशातही टाळावे आणि परदेशातही, कारण शुल्क लागतेच आणि व्याज पहिल्या दिवसापासून धावते.

२०२३ मध्ये परदेशातला कार्डखर्चही एलआरएसच्या, म्हणजे परदेशी पैसे पाठवण्याच्या योजनेच्या, मर्यादेत आणून त्यावर टीसीएस हा आगाऊ वसूल होणारा कर लावण्याची तयारी झाली होती. जूनअखेर सरकारने तो निर्णय लांबणीवर टाकला. परदेशात असताना केलेल्या क्रेडिट कार्डाच्या खर्चावर त्यामुळे टीसीएस बसत नाही. मात्र टूर कंपनीकडून परदेशी सहलीचे पॅकेज घेतले तर तिथे तो वेगळ्या नियमाने लागतो.

लाउंजची खरी किंमत

कार्ड विकणारा सर्वांत आधी लाउंजचे बोलतो. वाकडच्या माणसाला त्याचा उपयोग किती, हे तो कुठल्या विमानतळावरून उडतो यावर ठरते.

पुण्याचा लोहगाव विमानतळ वाकडपासून वीस-पंचवीस किलोमीटर. जुलै २०२४ मध्ये तिथले नवे टर्मिनल सुरू झाले आणि जुन्या इमारतीतली चेंगराचेंगरी कमी झाली. पण नाशिक फाटा आणि विश्रांतवाडीच्या सिग्नलांनी आपल्याला लाउंजपुरता वेळ ठेवलाच पाहिजे असे नाही. घाम पुसत सुरक्षा तपासणी पार केली की बोर्डिंगची घोषणा होते. मुंबईचे तसे नाही. रात्रीच्या आंतरराष्ट्रीय विमानासाठी बोरघाटातल्या कोंडीच्या धास्तीने आपण दुपारीच निघतो, घाट मोकळा मिळतो आणि चार तास आधी पोचतो. तिथे लाउंजमधले जेवण आणि आरामखुर्ची खरोखर कामी येते. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईच्या विमानतळावरून उड्डाणे सुरू झाली. द्रुतगती मार्गाने जाणाऱ्या पिंपरी-चिंचवडकरांना तो मुंबईच्या आधीच लागतो. तिथून आपल्याला हवी ती विमाने सुटू लागतील तसे हे हिशेबही बदलतील.

लाउंजभेटीचे मोल जाहिरातीतल्या दराने धरू नये. लाउंज नसता तर विमानतळावर आपण चहा आणि सँडविचवर जे तीन-चारशे घातले असते, तेवढेच धरावे. चौघांच्या घरात कार्डधारकाला प्रवेश मोफत आणि उरलेल्या तिघांना पैसे, असा प्रकारही घडतो. ॲड-ऑन कार्डावर आणि पाहुण्यावर किती भेटी आहेत, हे आधी विचारावे.

आणि ही सोय आता पूर्वीइतकी सुटी राहिलेली नाही. लाउंजबाहेर रांगा लागू लागल्यावर २०२४ पासून अनेक बँकांनी आधीच्या तिमाहीत ठरावीक खर्च केला असेल तरच प्रवेश, अशी अट घातली. सप्टेंबर २०२५ मध्ये ड्रीमफोक्स या कंपनीने देशांतर्गत लाउंजची सेवाच बंद केली. कार्डधारक आणि लाउंज यांची गाठ घालून देणारी देशातली ती सर्वांत मोठी मध्यस्थ होती. बँकांना दुसरे मार्ग शोधावे लागले. लाउंज ही कार्डाबरोबर आलेली सवलत आहे, हक्क नाही, हे त्या महिन्यात पुष्कळांना कळले.

पॉइंट मुरत घालू नयेत

लोणचे मुरले की गोडी येते. पॉइंट मुरले की नासतात. गेल्या काही वर्षांत याची तीन मोठी उदाहरणे घडली.

१७ एप्रिल २०१९ रोजी जेट एअरवेजची उड्डाणे थांबली. जेटप्रिव्हिलेजचे पॉइंट पुढे इंटरमाइल्स नावाने जगले, पण ज्या विमानासाठी ते साठवले होते ते विमान उरले नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये ॲक्सिसच्या मॅग्नस कार्डावरचा सुप्रसिद्ध लाभ संपला. महिन्याला एक लाख खर्च केले की २५ हजार पॉइंट मिळत, ते बंद झाले. पाच पॉइंटांचे चार माइल्स होत, त्यांचे दोन झाले. फी मात्र दहा हजारांवरून साडेबारावर गेली. पॉइंट साठवून ठेवलेल्यांची निम्मी पुंजी नियमाच्या एका ओळीने आटली. तिसरे उदाहरण नोव्हेंबर २०२४ चे. १२ तारखेला विस्तारा एअर इंडियात विलीन झाली, क्लब विस्ताराचे पॉइंट महाराजा क्लबमध्ये गेले आणि विस्ताराच्या नावाने घेतलेल्या बँकांच्या कार्डांचा मूळ हेतूच संपला.

विम्याचीही तीच गत. कार्डासोबत मोफत मिळणारा विमान-अपघात विमा एसबीआय कार्डने २०२५ मध्ये अनेक कार्डांवरून काढून घेतला. कार्डाच्या भरवशावर प्रवासविमा टाळणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. यात फसवणूक नाही. बदल करण्याचा अधिकार करारातच लिहिलेला असतो. आपण एवढेच करायचे की पॉइंटांना मुदत ठेव समजायचे नाही. वर्षभरात कमावलेले पॉइंट पुढच्या वर्षाच्या सुट्टीत खर्चून टाकायचे.

एका चुकलेल्या बिलाची किंमत

आतापर्यंतचे सगळे हिशेब एका गृहीतावर उभे आहेत: बिल दर महिन्याला पूर्ण भरले जाते. ते नसेल तर प्रवासाच्या कार्डाचा विचार इथेच थांबवावा. बहुतेक कार्डांवर थकबाकीचे व्याज महिन्याला साडेतीन-पावणेचार टक्के, म्हणजे वर्षाला ४२ ते ४५ टक्के. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये या व्याजावर ३० टक्क्यांची मर्यादा घातली होती. सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी तो निर्णय रद्द केला. पन्नास हजारांची बाकी एक महिना राहिली तर पावणेचार टक्क्यांनी १,८७५ रुपये व्याज आणि त्यावर जीएसटी, मिळून २,२१२. एवढे पॉइंट कमवायला ३.३ टक्क्यांच्या कार्डावर ६७ हजारांचा खर्च करावा लागतो. 'मिनिमम ड्यू' भरला म्हणजे भागले, असे वाटणाऱ्याची नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते.

ग्राहकाच्या बाजूने रिझर्व्ह बँकेचे निर्देश आहेत. न मागता कार्ड देता येत नाही. मर्यादा वाढवायची तर आपली संमती लागते. बिल भरण्याची शेवटची तारीख उलटून तीन दिवसांहून अधिक झाल्यावरच लेट फी लावता येते. आणि सर्व बाकी चुकती केलेल्या ग्राहकाने कार्ड बंद करण्याची विनंती केली, तर ती सात कामकाजाच्या दिवसांत पुरी करावी लागते. नाहीतर बँकेला दिवसाला ५०० रुपये ग्राहकाला द्यावे लागतात. कार्ड घेताना लोक बरेच वाचतात. बंद करण्याचा हा नियम मात्र फार थोड्यांना ठाऊक असतो.

कोणाला काय

वाकडचे ते दोघे नोकरदार रेषेवर आहेत. त्यांनी शून्य अधिभाराचे एक मोफत कार्ड ठेवावे. कार्डजोगा खर्च आठ-दहा लाखांवर गेला तरच मोठ्या फीचा विचार करावा, आणि तेव्हा दोघांनी वेगवेगळी कार्डे न घेता एकाच कार्डावर ॲड-ऑन घ्यावे. दोन कार्डांवर खर्च वाटला की फीमाफीचा टप्पा दोन्हींकडे हुकतो.

चाकणच्या वाहन कारखान्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या छोट्या उद्योजकाची उलाढाल मोठी असते, पण ती आरटीजीएसने फिरते. व्यवसायाची देणी वैयक्तिक कार्डावर फिरवणे बहुतेक बँकांच्या अटींत बसत नाही, आणि लक्षात आले तर बँक पॉइंटच नव्हे, कार्डही काढून घेऊ शकते. मात्र चेन्नई, गुरुग्राम अशा वाहनउद्योगाच्या शहरांत त्याच्या फेऱ्या असतात. प्रवासावर जास्त देणारे दुसऱ्या जातीचे कार्ड त्याला लाभते. अट एकच, तिकीट त्याने स्वतः विमान कंपनीकडे काढावे. एजंटाकडून काढले तर व्यवहाराची नोंद एजंटाच्या नावाने होते आणि वाढीव पॉइंट हुकू शकतात.

हिंजवडीतून सहा महिने ऑनसाइट जाणाऱ्याचे कंपनीचे पैसे बहुधा कंपनीच्याच कार्डावर किंवा भत्त्यात येतात. त्याच्या स्वतःच्या खर्चाला चौथी जात पुरे.

पिंपरीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले जोडपे मुलीकडे जर्मनीला निघाले, तर तिकीट सहसा मुलगीच काढते. आजोबांना पगाराची स्लिप नसते. मुदत ठेवीवर मिळणारे कार्ड त्यांना मिळू शकते, अधिभार कमी असलेले निवडावे, आणि प्रवासविमा वेगळा घ्यावा. पीजीत राहणाऱ्या, पहिल्या नोकरीतल्या मुलाने धातूच्या कार्डाच्या मागे न लागता वर्षभर एक साधे कार्ड वेळेवर भरावे. चार बँकांत एकदम अर्ज केले तर सिबिलच्या अहवालात चार चौकश्या दिसतात आणि मोठे कार्ड आणखी लांब जाते.

शेवटी एक छोटे काम. प्रीमियम कार्डाची फी आपोआप बिलात चढते, आणि फी भरून झाल्यावर हिशेब करायला बसण्यात अर्थ नसतो. म्हणून ज्या महिन्यात फी लागते त्याच्या आधीच्या महिन्यात, स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर एक तारीख गोल करून ठेवावी, दुधाच्या खाड्यांच्या शेजारी. त्या संध्याकाळी वर्षभराचा कार्डजोगा खर्च, मिळालेले आणि खरोखर वापरलेले पॉइंट, आणि फी असे तीन आकडे लिहावेत. वजाबाकी आपल्या बाजूने आली तर कार्ड राहू द्यावे. नाही आली तर पॉइंट वापरून टाकावेत, बाकी भरावी आणि सात दिवसांचा तो नियम कामाला लावावा.